एका झाडाचा पक्षी

हा पक्षी कानांना आधी सापडतो आणि डोळ्यांना नंतर. रानातली पायवाट, वारा अजिबात नाही, आणि तरीही वर कुठेतरी बारीक कटकट चालू असते. कुणीतरी सुकी सुपारी दाताखाली घेऊन सावकाश फोडत बसलंय, असा तो आवाज. मान वर करून शोधावं तर पानांच्या जाळीत काहीच दिसत नाही. माझी मुलगी सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी राहते. तिनं मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की मान वर करायचीच नाही. "आई, वर नको, आधी खाली बघ."

खाली झाडाच्या बुंध्याशी सुयांसारख्या पाल्याचा मऊ थर होता आणि त्यावर कुरतडलेल्या बोंडांचा खच. काही तुकडे आतून पांढुरके, ओलसर. "हे आजचे," ती म्हणाली, "जुने असते तर तपकिरी पडले असते." मग तिनं बोटानं वरची एक फांदी दाखवली. तिथे एक काळा पक्षी बसला होता, आमच्याकडे साफ दुर्लक्ष करून जेवत.

काकाकुवा म्हटलं की आपल्यासमोर येतो तो पांढराशुभ्र, पिवळ्या तुऱ्याचा, सर्कशीत सायकल चालवणारा आणि पिंजऱ्यात 'हॅलो' म्हणणारा पक्षी. हा त्यातला नव्हे. याला ऑस्ट्रेलियात सगळे नुसतं 'ग्लॉसी' म्हणतात. पूर्ण नाव ग्लॉसी ब्लॅक कॉकाटू. नावात तुकतुकी असली तरी रंग तसा मंदच, काळ्यात तपकिरी मिसळलेला. काळ्या काकाकुव्यांमध्ये हा सर्वांत लहान, हातभरापेक्षा थोडा मोठा. तुरा असून नसल्यासारखा. चोच मात्र डोक्याच्या मानानं भलतीच रुंद आणि फुगीर. उडाला की शेपटीतला लाल पट्टा उघडतो आणि तेवढ्या क्षणापुरता तो दिमाखदार दिसतो. मादीच्या डोक्यावर आणि मानेवर पिवळ्या पिसांचे वेडेवाकडे डाग असतात. एकीचे दुसरीशी जुळत नाहीत, त्यामुळे अभ्यासक त्यांवरून मादी ओळखतात.

आणि ती बोंडं! ती हातात घेतल्याबरोबर मला गुहागरचा किनारा आठवला. कोकणात वाढलेल्या कुणालाही आठवेल. समुद्राकडे अनवाणी पळत जाताना सुरूच्या बनात ही काटेरी बोंडं तळपायाला टोचल्याशिवाय पाणी दिसायचं नाही. आम्ही ज्याच्याखाली उभ्या होतो ते झाड म्हणजे ऑस्ट्रेलियातला शिओक. तो आणि आपला सुरू एकाच कुळातले. सुरू आपल्याकडे बाहेरून आला, किनाऱ्यावर रेती धरायला आणि वारा अडवायला लावला गेला, जळणाला आणि वाशांना उपयोगी पडला. त्या कुळाचा मोठा गोतावळा या दक्षिणेकडच्या खंडात आहे. दुरून पाइनसारखं दिसणारं हे झाड पाइनचं कुणीच लागत नाही. आपण ज्याला सुया म्हणतो त्या हिरव्या बारीक डहाळ्या असतात. खरी पानं त्यांच्या पेरापेरांवर इतकी लहान, की भिंग लावून पाहावीत. वारा आला की हे झाड जो सुस्कारा टाकतं, तो गुहागरला आणि ब्लू माउंटन्समध्ये सारखाच ऐकू येतो.

या झाडाच्या बोंडातलं बी हे ग्लॉसीचं अन्न. जवळजवळ एवढंच. क्वचित दुसरं काही चोचीत आलं तर आलं, पण संसार चालतो तो शिओकवर, आणि त्यातही प्रत्येक भागात एखाददुसऱ्या जातीवर.

बी तरी केवढं! पातळ पंख असलेला एक चपटा कण. बोंडाच्या लाकडी खणांमध्ये तो घट्ट बंद असतो. झाड बोंडं वर्षानुवर्षं फांदीवर मिटूनच ठेवतं. ती तोडायला पक्क्या चोचीची आणि त्याहून पक्क्या चिकाटीची गरज. ग्लॉसी चोचीनं बोंड खुडतो, डाव्या पायात धरतो आणि गोल गोल फिरवत त्याच्या खणांची रांगेनं चिरफाड करतो. जिभेनं बी टिपतो, बाकीचा चोथा खाली टाकतो. जवळजवळ सगळे ग्लॉसी डावरे असतात. उजव्या पायानं जेवणारा शोधून काढावा लागेल. एका बोंडातून मिळणार ते चिमूटभर, म्हणून दिवसाचा मोठा भाग या कामात जातो. ना आरडाओरडा, ना भांडण. पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा आला की अख्ख्या गल्लीची झोप उडते. ग्लॉसीचं कुटुंब डोक्यावर तासभर जेवत असलं तरी खालून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

त्यात पुन्हा त्याची निवड. शेजारी शेजारी दोन शिओक बोंडांनी लगडलेले असतात. ग्लॉसी एकावर रोज येतो आणि दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. स्टीफन गार्नेट आणि गॅब्रिएल क्राउली या अभ्यासकांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर याचा माग काढला. बोंडाच्या वजनात बी जास्त आणि लाकूड कमी, असं झाड पक्षी हेरतात. कष्ट तेवढेच, पदरात जास्त. माणसाला ते कापून, निवडून, तोलून कळतं आणि याला फांदीवर बसल्या बसल्या कळतं. भाजीवालीकडे वांगी हातात तोलून घेणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

आता याच्या भाऊबंदांकडे बघा. पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा सिडनीत काय करतो ते जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आहे. तो कचऱ्याच्या डब्याचं झाकण चोचीनं उचलतो, धरून ठेवतो, कडेकडेनं बिजागरीपर्यंत चालत जातो आणि उलथून टाकतो. आत पावाचे तुकडे, पिझ्झाच्या कडा, काय हवं ते. बार्बरा क्लम्प, लूसी ॲप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून माहिती गोळा केली आणि 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात निबंध लिहिला. 2018 च्या आधी हे कसब सिडनीच्या तीनच उपनगरांतून कळलं होतं. 2019 संपता संपता 44 उपनगरांतून बातम्या आल्या. एकाचं बघून दुसरा शिकला. आणि गंमत म्हणजे वेगवेगळ्या उपनगरांत झाकण उघडण्याची तऱ्हा वेगवेगळी. लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या, पक्षी विटा ढकलायला शिकले. मग लोकांनी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधल्या, बिजागरीत काठ्या आणि जुने बूट खुपसले. माझ्या जावयांच्या डब्यावर आजही एक दगड आहे. सकाळी तो बहुधा जमिनीवर असतो.

पिवळ्या शेपटीचा काळा काकाकुवा तर ग्लॉसीचा अगदी जवळचा नातलग. तोही मूळचा इथल्याच झाडांच्या बियांवर आणि लाकडातल्या अळ्यांवर जगणारा. पण लाकडासाठी परदेशी पाइनच्या बागा लागल्या तसा तो पाइनची बोंडंही फोडू लागला. म्हणजे चोचीनं अडलं नव्हतं. ग्लॉसीनं पाइन जवळ केला नाही.

आपल्याला हुशारी म्हटलं की डबा उघडणारा आठवतो. परदेशी आलेल्या आपल्या माणसांनाही पहिला सल्ला मिळतो तो जुळवून घेण्याचा. "सगळं खाता येतं ना? मग काही अडचण नाही." मला सगळं खाता येत नाही. मुलीच्या घरी तांदळाची भाकरी मिळाली नाही तर माझा दिवस बिघडतो, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. त्यामुळे असेल, पण या डावऱ्या, गप्प, एका झाडाशी बांधलेल्या पक्ष्याकडे बघताना मला तो मागासलेला वाटत नाही. एखादी गोष्ट इतकी नेमकी करता येणं ही हुशारीच. लाखो वर्षं त्या हुशारीवर त्याचं भागलं. अडचण आली ती झाड जायला लागल्यावर.

पण त्याआधी घरट्याची गोष्ट, कारण तिथेही याचं सगळं अडतं.

मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही जुन्या झाडाच्या खोल ढोलीत. आपल्याकडे ढोली म्हटली की सुतारपक्षी आठवतो. तो खोदतो आणि सोडून जातो, मग पोपट, साळुंक्या, पिंगळे त्यात राहायला येतात. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीच. अख्ख्या खंडात एकही जात नाही. तिथे ढोली तयार होते ती फांदी मोडून, आगीची झळ लागून, वाळवी आणि बुरशी आतून पोखरत राहून. मोठ्या काकाकुव्याला पुरेल एवढी ढोली व्हायला निलगिरीचं झाड शंभरी ओलांडलेलं लागतं. आज लावलेल्या रोपात ग्लॉसी घर करील ते आपली पणतवंडं बघतील.

अंडं महिनाभर मादीच उबवते. त्या काळात ती बाहेर फारशी पडत नाही. दिवसभर बोंडं फोडून नर संध्याकाळी येतो, हाक देतो, ती ढोलीबाहेर येते आणि तो तिला भरवतो. पिल्लू ढोलीत जवळजवळ तीन महिने काढतं. बाहेर पडल्यावरही त्याला लगेच काही जमत नाही. बोंड फोडणं ही कला शिकायलाच महिने जातात, तोवर ते आईबापांच्या मागे फिरत भीक मागत राहतं. झाडाखाली कुणकुण ऐकू आली की समजावं, वर पोरसवदा कुणीतरी आहे. सूर्य मावळता मावळता सगळं कुटुंब एखाद्या डबक्यावर पाणी प्यायला उतरतं. ज्यांना ग्लॉसी नीट बघायचा असतो ती माणसं पाण्याजवळ दबा धरून बसतात.

वर्षाला एक अंडं. ते दगावलं तर वर्ष फुकट. अशा पक्ष्याची संख्या घसरायला वेळ लागत नाही, चढायला लागतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर नेमकं हेच झालं. तिथल्या डोंगरउतारांवर झुकलेल्या फांद्यांचा शिओक होता. शेती आणि मेंढ्यांसाठी तो तोडला गेला. लाकूड धगीला चांगलं, म्हणून भट्ट्यांसाठी तुटला. उरलेल्या जागी रोपं उगवली तर ती मेंढ्यांनी आणि सशांनी खाल्ली. 1970च्या दशकापर्यंत त्या भागातून ग्लॉसी नाहीसा झाला. राहिला तो फक्त समोरच्या कांगारू बेटावर. तिथले कडे-कपारीचे उतार नांगराला सोयीचे नव्हते, म्हणून शिओक वाचला, आणि शिओक होता म्हणून पक्षी.

त्या बेटावर जायला केप जर्व्हिसहून फेरीबोट निघते. पाऊण तासात पेनेशॉ. उतरल्यावर मला आधी वारा लागला, मग शिओकचा तो ओळखीचा सुस्कारा. बेट तसं लहान नाही, ऑस्ट्रेलियातलं तिसऱ्या क्रमांकाचं. मुलीनं आणि जावयांनी मला पेंग्विन आणि सील दाखवण्याचा बेत आखला होता. मी मात्र पत्रा बघायला आले होते.

पत्र्याची गोष्ट अशी. 1990च्या दशकात त्या बेटावर दीडशेच्या आसपास ग्लॉसी उरले होते. घरटी होत होती, अंडी होत होती, पण पिल्लं बाहेर पडत नव्हती. शोध घेतल्यावर चोर सापडला. ब्रशटेल पॉसम, मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा, निशाचर. तो रात्री झाडावर चढून अंडी आणि पिल्लं खात होता. आता पॉसमही तिथलाच, त्याचंही जगणं कायद्यानं राखलेलं. त्याला मारून चालणार नव्हतं. मग घरट्याच्या झाडांच्या बुंध्याभोवती पत्र्याचे गुळगुळीत पट्टे ठोकले. शेजारच्या झाडावरून उडी मारून येऊ नये म्हणून मध्ये येणाऱ्या फांद्या छाटल्या. झालं. आधी शंभर घरट्यांमागे 23 घरट्यांतून पिल्लू उडून जात असे, ते प्रमाण 42 वर गेलं. नारळावर उंदीर चढू नयेत म्हणून आमच्या आगरात माडांना जो पत्रा मारतात, तोच उपाय. मी ते झाड बघितलं तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की जावयांना माडाची अख्खी गोष्ट ऐकावी लागली.

पत्र्यानं एकट्यानं भागलं नाही. लोकांनी शिओकची रोपं लावली. ढोल्या कमी म्हणून झाडांवर बनावट ढोल्या बांधल्या. त्या ढोल्या गाला आणि छोटे कोरेला या दुसऱ्या काकाकुव्यांनी बळकावू नयेत, मधमाश्यांनी त्यात पोळी करू नयेत, यावर लक्ष ठेवलं. दरवर्षी स्वयंसेवक बेटभर पसरून पक्षी मोजतात. 2019 पर्यंत आकडा पावणेचारशेच्या घरात गेला. पंचवीस वर्षांच्या कामाचं हे फळ. वाघांच्या आकड्यांची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा समजतो.

आणि मग आग. 2019 च्या डिसेंबरात बेटावर विजा पडून वणवे लागले. जानेवारीच्या सुरुवातीला वाऱ्यानं ते असे भडकले, की जवळजवळ अर्धं बेट जळलं. दोन माणसं गेली. हजारो मेंढ्या, कोआला, कांगारू गेले. शिओकचे डोंगरच्या डोंगर काळे पडले. हा शिओक आगीत मरतो. उष्णतेनं बोंडं उघडतात, बी राखेत पडतं, पाऊस झाला की हिरवी लव उगवते. झाडाचा वंश चालू राहतो, पण त्या लवेला बोंडं धरायला पुढची पाचसात वर्षं तरी जातात. शिओक खाणाऱ्यानं तोवर काय खायचं? डबा उघडणाऱ्याला हा प्रश्न पडला नसता.

बेटाचा पूर्वेकडचा भाग वाचला होता. तिथल्या शिओकांवर पक्षी गोळा झाले. लोकांनी राखेतून फिरून घरट्यांची झाडं शोधली, वितळलेले-वाकलेले पत्रे बदलले, नव्या ढोल्या टांगल्या. 2021 च्या गणतीत साडेचारशेच्या आसपास पक्षी भरले, आगीच्या आधीपेक्षाही जास्त. मला हा आकडा प्रथम खरा वाटेना. पण गेल्या पंचवीस वर्षांत लावलेली झाडं पूर्वेकडेही होती, ती कामाला आली.

उलट मुख्य भूमीवरच्या, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमधल्या ग्लॉसींचं तसं झालं नाही. त्याच उन्हाळ्यात तिकडचीही रानं जळली. ते पक्षी इतके विखुरलेले, की त्यांच्यासाठी एक बेट राखून भागत नाही. 2022 साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं पूर्वेकडच्या या ग्लॉसीलाही धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ब्लू माउंटन्समध्ये माझ्या डोक्यावर बसून जेवणारा तो पक्षी त्याच यादीतला.

तरीही लोकांनी हात टेकलेले नाहीत. केप जर्व्हिसच्या बाजूला, बेटाच्या समोर, मुख्य भूमीवर पुन्हा शिओक लावले जात आहेत. मधली खाडी पक्ष्याला अवघड नाही. पलीकडे जेवणाची सोय झाली तर तो येईल, एवढ्या भरवशावर माणसं खड्डे खणतात.

एका झाडावर जगणाऱ्याला वाचवायला फक्त ते एक झाड लावावं लागतं. पांढऱ्या काकाकुव्यानं उद्या काय खावं आणि काय खाऊ नये हे कुणालाच ठरवता येणार नाही. ग्लॉसीचं मागणं ठरलेलं आहे, स्वस्त आहे आणि कुदळीनं भागणारं आहे.

म्हणून सिडनी, न्यूकॅसल आणि ब्रिस्बेनच्या बाहेरच्या बाजूला ज्या मराठी घरांना मागे थोडी मोकळी जागा आहे, त्यांना माझी विनंती. तुळस, कढीपत्ता, मोगरा लावून झाला असेल, आता शिओक लावा. आपल्या भागात कुठली जात मूळची आहे ते नगरपालिकेच्या किंवा खासगी देशी रोपांच्या रोपवाटिकेत विचारा. परसात वाळलेलं पण ढोली असलेलं जुनं झाड असेल आणि अंगावर पडण्याची भीती नसेल, तर ते तसंच राहू द्या. शिओक मात्र एकच लावून थांबू नका, पाचसहा लावा. बोंडं फक्त मादी झाडाला येतात आणि रोप लहान असताना नर कोणता, मादी कोणती, ते ओळखता येत नाही.